कोठुऱ्याचा मल्ल आणि काळारामाची गल्ली : आखाड्यातील लढत व रस्त्यावरचा हल्ला (धागा)

१/ मल्लखांबाची एखादी चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरू लागली की तिच्याखाली एक वाक्य हमखास उमटते : हीच आपल्या पूर्वजांची खरी स्वसंरक्षणविद्या. कुस्तीच्या फडाचे छायाचित्र असो वा मर्दानी खेळांचे प्रात्यक्षिक असो, वाक्य तेच. त्यामागचा अभिमान समजण्यासारखा आहे. विधान मात्र इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, आणि त्यावर विसंबून कोणी अंधाऱ्या रस्त्यावर चाकूसमोर उभा राहिला तर त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. म्हणून हा धागा. त्यातील बरीचशी साक्ष एकट्या नाशिक जिल्ह्यातूनच मिळते.

२/ आरंभ निफाड तालुक्यातील कोठुरे या गोदाकाठच्या गावापासून करावा लागतो. बाळंभटदादा देवधर या गावचे. दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या काळात मल्लखांबाला नवजीवन देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. खांबावरील व्यायामाचा उल्लेख त्याआधीही, बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात आढळतो. पण मधल्या काळात मागे पडलेली ही विद्या पुन्हा तालमीत आणून उभी केली ती बाळंभटांनी.

३/ परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी : निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यास आले आणि त्यांनी दरबारात कुस्तीचे आव्हान दिले. कोणी पुढे येईना. तेव्हा तरुण बाळंभटांनी आव्हान स्वीकारले आणि तयारीसाठी मुदत मागितली. ते वणीच्या सप्तशृंगीला गेले, तेथे उपासना केली, आणि झाडांवर खेळणाऱ्या वानरांच्या हालचालींतून त्यांना खांबावरच्या पकडी सुचल्या. साक्षात मारुतीने शिकवले, असेही सांगतात. मुदत संपल्यावर ते परतले आणि त्यांनी अलीला चीत केले. गुलाबने लढण्याचे नाकारले.

४/ कथेतला दैवी भाग बाजूला ठेवा आणि त्यातला एकच तपशील पाहा : बाळंभटांनी मुदत मागितली, आणि ती मिळाली. प्रतिस्पर्धी कोण, त्याचे अंगबळ किती, लढत कुठे, कोणासमोर, कोणत्या नियमांनी हे सारे आधी ठाऊक होते. त्या माहितीच्या आधारे त्यांनी एका विशिष्ट मल्लाला हरवण्यासाठी विशिष्ट साधना केली. खेळाडूच्या तयारीचे याहून निर्मळ उदाहरण शोधून सापडणार नाही. हल्ल्याचे स्वरूप याच्या नेमके उलट असते. ज्याला मारायचे ठरले आहे त्याला कोणी मुदत देत नाही; वेळ, जागा आणि हत्यार हल्लेखोर निवडतो.

५/ मल्लखांब हा मुळात मल्लाचा खांब. पकड घट्ट व्हावी, मांड्या आणि पोटऱ्यांनी आवळता यावे, उलटे झाले तरी अंगाचे भान सुटू नये, यासाठी मल्लाने करावयाचा व्यायाम. खांब प्रतिकार करीत नाही, शिवी देत नाही, पाठीमागून येत नाही. हे मल्लखांबाचे उणे नाही. कारण त्याने तसे कधी म्हटलेही नव्हते. झाशीच्या राणीने बिठूरला मल्लखांब केला असे परंपरा सांगते. त्याने तिचे शरीर घडले असेल यात शंका कशाला? पण रणात तिच्या हाती तलवार होती, मांडीखाली घोडा होता आणि मागे फौज होती.

६/ आता कुस्तीकडे. लाल माती चाळून, तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू मिसळून हौद तयार करतात, तो पडणाऱ्याला लागू नये म्हणून. जोड ठरवताना वजन, वय, दम पाहतात. समोर एकच गडी असतो. पंच असतो. हाती काही घेतलेले चालत नाही. डोळ्यांत बोटे घालणे, गुप्तांगावर मारणे, चावणे निषिद्ध. पाठ जमिनीला टेकली की कुस्ती संपते आणि हरलेलाही आपल्या पायांनी घरी जातो. या प्रत्येक सोयीमागे एकच सुज्ञ विचार आहे : पोरांनी उद्याही तालमीत यावे.

७/ याच सोयी अंगवळणी पडतात आणि तिथेच गफलत होते. एकेरी वा दुहेरी पट काढताना मल्ल डोके खाली घालून समोरच्याच्या पायांत शिरतो. मातीत हा उत्तम डाव. समोरच्याच्या मुठीत चाकू असेल तर हाच डाव मान आणि पाठ उघडी करून देतो. कुस्तीत वर असणे म्हणजे जिंकणे. रस्त्यावर दोघेजण खाली पडले की वर असलेल्याच्या बरगडीत तिसऱ्याची लाथ बसते, आणि खाली माती नसून डांबर किंवा फरशी असते. ढाक मारून माणूस डोक्यावर आपटला तर मैदानात टाळ्या पडतात; फुटपाथच्या कडेवर तो मरू शकतो, आणि मग टाळ्यांऐवजी पंचनामा होतो.

८/ नियम बदलले तर कौशल्य किती उघडे पडते हे पाहायला हाणामारीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा ते मातीतले पक्के मल्ल होते. गादी नवी, आंतरराष्ट्रीय नियम नवे. तरीही सहावा क्रमांक. पुढली चार वर्षे त्यांनी त्या गादीसाठी आणि त्या नियमांसाठी वेगळी मेहनत घेतली, तेव्हा १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आले. मातीवरून गादीवर, म्हणजे कुस्तीतून कुस्तीतच, जायला इतक्या मोठ्या मल्लाला इतके कष्ट पडले. मग गादीवरून थेट गल्लीत, तेही न सांगता, जाता येईल असे कोणत्या आधारावर समजायचे?

९/ येथे दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती बळकट आहे. खेळात प्रतिकार खरा असतो. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोडोकान स्थापून ज्युदो उभा केला. जुन्या जुजुत्सूतील घातक प्रहार त्यांनी मुक्त सरावातून काढले आणि ठरीव संचांपुरते राखले. त्यामुळे उरलेल्या फेकी आणि पकडी पूर्ण ताकदीने, पूर्ण विरोध करणाऱ्या जोडीदारावर रोज करून पाहता येऊ लागल्या. ‘घातक’ म्हणून कधीच कोणावर न वापरलेल्या डावापेक्षा हजार वेळा वापरलेला साधा डाव अधिक कामी येतो, हा त्यातला व्यवहार.

१०/ या कसोटीवर पंधरा दिवसांचे ‘स्वसंरक्षण शिबिर’ कुस्तीपेक्षाही कच्चे ठरते. मनगट धरणारा जोडीदार हसतमुखाने धरतो, शिकवल्याबरोबर सोडतो, शेवटी प्रमाणपत्र मिळते. वर्षभर तालमीत घुसळलेल्या मुलीला निदान धक्का म्हणजे काय, दम तुटणे म्हणजे काय, आणि आपल्यापेक्षा जड माणसाने दाबले तर काय होते हे अंगाने कळलेले असते. पडल्यावर उठायचे तिला ठाऊक असते. म्हणजे खेळ शरीर देतो, धीर देतो. हल्ल्याची चाहूल, वाट, साक्षीदार, पळण्याची जागा, कायद्याची मर्यादा हे तो देत नाही, आणि देण्याचा त्याचा दावाही नसतो. दावा जाहिरातीचा असतो.

११/ पूर्वजांना हा भेद कळत होता का? उत्तम कळत होता. कुस्ती वेगळी, लाठी आणि बोथाटी वेगळी, पट्टा वेगळा, आणि निःशस्त्राने शस्त्रधाऱ्याचा सामना करण्याची बिनोट ही विद्या आणखी वेगळी. एकाच वस्तादाच्या हाताखाली या साऱ्या असू शकत. पण एक आली म्हणजे दुसरी आली असे कोणी मानत नसे. नुसती कुस्ती पुरेशी असती तर बिनोट जन्मालाच आली नसती.

१२/ मग आज सारे एकाच नावाखाली का मिसळले? याचे एक उत्तर राजकीय आहे. १८१८ साली पेशवाई गेली, फौजा मोडल्या, आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हातून हत्यार बाळगण्याची मोकळीक काढून घेतली. दांडपट्टा चालवणाऱ्याला रण उरले नाही. उरले उत्सव, मिरवणुका आणि जत्रा. जे चारचौघांत दाखवता येते, ज्याला लय आहे, ज्याने टाळ्या मिळतात, ते टिकले. जे दाखवण्याजोगे नव्हते ते हळूहळू गळाले : चौकी-पहारा, वाटेची पारख, रात्रीच्या मुक्कामाची दक्षता, कोणावर विश्वास ठेवावा याचा हिशेब. त्या काळात जीव वाचत असे तो बहुतांशी यांनीच. आज प्रेक्षक पट्ट्याचे गरगर फिरणारे पाते पाहतो आणि समजतो की लढाई अशीच दिसत असे.

१३/ जाता जाता एक गोष्ट. ज्या बाजीरावाच्या दरबारात तालमी बहरल्या त्याच्या फौजेला ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला इंग्रजांची छोटी फळी मोडता आली नाही. त्याचा दोष तालमीला देणे अन्यायाचे होईल. त्या पराभवाला पैसा, नेतृत्व, कवायती पायदळ आणि फितुरी अशी ढीगभर कारणे आहेत. पण मग त्याच न्यायाने मराठ्यांच्या विजयांचे श्रेयही सरसकट आखाड्याच्या पदरात टाकता येणार नाही.

१४/ स्वसंरक्षणाचा मराठी इतिहासातील सर्वांत गाजलेला प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा, प्रतापगडाच्या पायथ्याचा. तो बहुधा एका झटापटीची गोष्ट म्हणून सांगितला जातो : खानाने मान बगलेत दाबली, महाराजांनी वाघनखे चालवली. ती झटापट काही क्षणांची. तिच्या आधीचे आठवडे पाहा. भेटीची जागा आपल्या मुलखात, जावळीच्या खोऱ्यात, जिथे मोठी फौज पसरता येत नाही. दोन्हीकडील अंगरक्षकांची संख्या ठरवून घेतलेली. अंगरख्याखाली चिलखत, डोक्यावर मंदिलाखाली लोखंडी टोप. रानात दबा धरलेले सैन्य आणि त्याच्यासाठी ठरलेली तोफेची खूण.

१५/ अफजलखान अंगाने कितीतरी मोठा. बरोबरीच्या कुस्तीत ही जोड कोणत्याही पंचाने लावली नसती. महाराजांनी बरोबरीची कुस्ती होऊच दिली नाही. दगा होणार हे गृहीत धरले, पहिला वार चिलखतावर जाईल अशी सोय केली, आणि सय्यद बंडा तलवार घेऊन धावला तेव्हा जिवा महाला जवळ असेल याची तजवीज केली. वाघनखांची प्रतिकृती भिंतीवर टांगणाऱ्यांनी कधीतरी त्या चिलखताचाही विचार करावा. त्या दिवशी जीव आधी चिलखताने वाचवला.

१६/ याच्या उलट प्रसंग शनिवारवाड्यातला, ३० ऑगस्ट १७७३ चा. नारायणराव पेशवा अठरा वर्षांचा होता. मारेकरी परके नव्हते; पहाऱ्यावरचे गारदीच थकलेल्या पगाराचे निमित्त करून आत घुसले. तो चुलत्याच्या, रघुनाथरावाच्या दालनाकडे धावला, म्हणजे ज्याच्या पक्षाकडून धोका होता त्याच्याच आश्रयाला. चाफाजी टिळेकर या सेवकाने त्याच्यावर अंग टाकले आणि तोही मारला गेला. ही वार्ता ऐकणारी आई, गोपिकाबाई, तेव्हा नाशिकजवळ गंगापूरला राहत होती. कोणत्या तालमीतला कोणता डाव येथे उपयोगी पडला असता, हे ज्याला सांगता येईल त्याने सांगावे.

१७/ हा प्रसंग जुना म्हणून सोडून देण्यासारखा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे एकच सांगते : बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. मुलींसाठीच्या शिबिरांत मात्र अजूनही काळे जाकीट घातलेला अनोळखी माणूस मागून येतो आणि मनगट धरतो. धोका जिथून येतो तिकडे पाठ करूनच हे शिक्षण चालते, आणि त्यावर पालक समाधान मानतात.

१८/ आता नाशिक शहरात, पंचवटीत. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व, आणि स्थानिक बाजू भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आदींनी सांभाळलेली. हजारोंची मिरवणूक मंदिरापर्यंत गेली, दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रहींच्या तुकड्या चारही दरवाजांवर बसू लागल्या. पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया होत्या. नियम एकच : मार खाल्ला तरी हात उचलायचा नाही.

१९/ ९ एप्रिल हा रामनवमीच्या उत्सवातील रथयात्रेचा दिवस. नाशकात रथ ओढणे हे अंगबळाचे आणि मानाचे काम. आजही रामरथाचा मान रास्ते आखाडा तालीम संघाकडे आणि गरुडरथाचा अहिल्याराम व्यायामशाळेकडे आहे. त्या दिवशी दोन्ही पक्षांत तडजोड झाली : उभय बाजूंची निवडक, ताकदवान माणसे मिळून रथ ओढतील. म्हणजे एका अर्थी नियम ठरलेली, जोड लावलेली, सर्वांसमोर होणारी गोष्ट. आंबेडकर आपल्या निवडक माणसांसह मंदिराच्या दाराशी उभे राहिले.

२०/ आणि मग नियम मोडला. सत्याग्रहींचे हात रथाला लागण्याआधीच दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी तो ओढून पळवला, एका अरुंद, काट्याकुट्यांच्या गल्लीकडे, जिच्या तोंडाशी सशस्त्र पोलीस होते. भंडारी समाजातील एक तरुण गोळीची पर्वा न करता पोलिसांचे कडे फोडून आत शिरला. त्याच्यामागून जमाव धावला, रथ गाठला, आणि दगडांचा पाऊस सुरू झाला. तो तरुण रक्ताच्या थारोळ्यात पडला. आंबेडकरांभोवती त्यांच्या माणसांनी कडे केले, डोक्यावर छत्री धरली. दगडांनी छत्री मोडली. त्यांना किरकोळ इजा झाली.

२१/ निवड ताकदवान माणसांची केली होती. प्रत्यक्षात ताकद मोजली जाण्याची वेळच आली नाही. मोजली गेली ती गल्लीची रुंदी, दगडांचा पल्ला, कोण कोणाच्या शेजारी उभा होता हे, आणि एक छत्री. त्या निवडक गड्यांपैकी एखादा पुरा पंचक्रोशीत अजिंक्य असता, तरी छतावरून वा गर्दीतून येणाऱ्या दगडाला कोणता पेच लावणार होता? उपयोगी पडली ती माणसे एकमेकांना धरून उभी राहिली ही गोष्ट. त्या कड्यात उभ्या असलेल्यांना आधीचे पाच आठवडे दरवाजावर बसण्याची, चिथावणी गिळण्याची, एका शब्दावर थांबण्याची सवय झाली होती. ते शिक्षणच होते. फक्त त्याला आखाडा म्हणायची पद्धत नाही.

२२/ या प्रसंगाचे वाचन करताना एक मोह टाळला पाहिजे. सत्याग्रही अहिंसक राहिले म्हणून सुरक्षित राहिले, असे नाही. त्यांना मार बसला, जखमा झाल्या, आणि पुढे जिल्ह्यातील गावोगावी बहिष्कार आणि त्रास सोसावा लागला. त्यांचा हेतू जीव वाचवण्याचा नव्हताच, हक्क मिळवण्याचा होता. म्हणून स्वसंरक्षणाचा ‘आदर्श’ म्हणून तो प्रसंग वापरणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. तो येथे आला आहे तो एवढ्यासाठी, की ठरवलेली, पंच असलेली गोष्ट किती थोड्या वेळात गल्लीतली गोष्ट होते हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

२३/ उरला कायदा, जो आखाड्यात पंचाच्या शिट्टीइतका सोपा असतो आणि बाहेर फार अवघड. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ९६ ते १०६, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३४ ते ४४, खासगी बचावाचा अधिकार देतात. अधिकार उदार आहे. पण तो धोक्याच्या भीतीबरोबर सुरू होतो आणि भीती सरताच संपतो. बचावाला आवश्यक तेवढीच इजा करता येते. आणि सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला अवधी असेल तर तो मिळतच नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘जयदेव विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच लागू केले : प्रतिपक्ष पळू लागल्यावर झाडलेल्या गोळ्या बचावात बसल्या नाहीत.

२४/ खेळाडूची सवय येथे त्याच्याविरुद्ध जाते. कुस्तीत समोरचा डळमळला की मल्ल दुप्पट जोराने चढतो. तसे शिकवलेच जाते, शिकवले पाहिजेही. मुष्टियुद्धात समोरच्याचे हात खाली आले की शेवटचा ठोसा पंच थांबवेपर्यंत द्यायचा असतो. रस्त्यावर थांबवणारा पंच नसतो. तो शेवटचा ठोसा न्यायालयात स्वतंत्रपणे मोजला जातो, आणि प्रशिक्षित माणसाला ‘मला कळले नाही’ म्हणणे अधिकच कठीण जाते.

२५/ म्हणून नाशकात असो वा अन्यत्र, ज्या मुलामुलींना कुस्ती, ज्युदो, मुष्टियुद्ध, मल्लखांब करावासा वाटतो त्यांनी तो जरूर करावा, त्या त्या खेळासाठी करावा, कोठुऱ्याच्या बाळंभटांनी केला तसा एका निश्चित लढतीच्या ध्यासाने करावा. स्वसंरक्षण शिकवतो म्हणणाऱ्याला मात्र वेगळे प्रश्न विचारावेत. तुम्ही सरावात दोन माणसे एकदम आणता का? हत्यार पाहून पळायला शिकवता का? ओरडायला, दार शोधायला, पोलिसांत जबाब द्यायला शिकवता का? हल्ला करणारा घरातलाच असेल तर काय करायचे याबद्दल एक तास तरी बोलता का? उत्तरादाखल भिंतीवरच्या पदकांकडे बोट दाखवले गेले, तर ती शाळा खेळाची आहे असे समजावे आणि शुल्कही खेळाचेच द्यावे.

२६/ जुन्या तालमींत एक शिरस्ता होता, काही ठिकाणी अजूनही आहे. पोरगा बाहेर कोणाशी हाणामारी करून आला आणि डाव मारून जिंकलो अशी फुशारकी मारू लागला, की वस्ताद त्याचे कौतुक करीत नसत. त्याला काही दिवस मातीत उतरू देत नसत. कोपऱ्यात जोर-बैठका काढायला लावत आणि बाकीच्यांची मेहनत बघत बसवत.